मैलांचा मान

पुणे-सातारा रस्ता नसरापूर फाट्याला सोडला, मार्गासनी आणि साखर मागे टाकले, की राजगड समोर येतो आणि मग गुंजवण्यापर्यंत पाठ सोडत नाही. २०२५ च्या जानेवारीत एका पहाटे आम्ही चौघे या रस्त्याने निघालो होतो. मी, माझी थोरली बहीण अक्का, अमेरिकेहून आलेला तिचा मुलगा आणि त्याची बारा वर्षांची मुलगी. भाच्याला लेकीला राजगड दाखवायचा होता. अक्काला चौऱ्याहत्तरावे लागलेले, माझे गुडघे बोलू लागलेले. तेव्हा बाप-लेकीने गडावर जायचे आणि आम्ही दोघांनी पायथ्याशी गुंजवण्यात बसून राहायचे, असे ठरले होते.

गावात गडावर जाणाऱ्यांना चहा-नाश्ता आणि जेवण देणारी घरे आहेत. त्यातल्याच एका घराच्या ओसरीवर आम्ही पोहे खात बसलो होतो. भाच्याची पाठीवरची पिशवी खांबाला टेकवून ठेवलेली. तिच्या बंदाला एक सोनेरी बिल्ला लटकत होता. घरच्या वहिनी चहा घेऊन आल्या आणि त्यांची नजर त्या बिल्ल्यावर गेली.

“दादा, ह्यो सोन्याचा बिल्ला कसला वो? शर्यतीत मिळाला का?”

भाचा जरा लाजला. “विमान कंपनीचा आहे ताई. वर्षभरात खूप प्रवास केला की देतात. मग विमानात आधी सोडतात, बसायला वेगळी खोली देतात, सामान जास्त नेता येतं.”

“म्हंजी मान हाय म्हना की!”

“होता. आता नाही. दरवर्षी ठरलेले मैल झाले नाहीत, तर जातो.”

“आं? मान जातो?” वहिनींना हे काही पटेना. “आमच्यात पालखीला पयला खांदा ज्या घराचा, त्यो त्येंचाच. दर साल मोजून घेत्यात व्हय?”

सगळे हसले. अक्का मात्र हसली नाही. ती त्या बिल्ल्याकडे पाहत होती. त्याचे कारण मला ठाऊक होते. पण ते पुढे सांगतो.

मैलांची खतावणी

बाप-लेक गडाकडे निघून गेले. गुंजवण्याहून चोरदरवाजाने पद्मावती माचीवर जायला अडीच-तीन तास लागतात, उतरायला त्याहून थोडे कमी. म्हणजे आमच्या हाताशी अख्खा दिवस होता. माझी बत्तीस वर्षे बँकेत खतावण्या भरण्यात गेली आहेत. त्यामुळे हा ‘मान’ नक्की कोणत्या खात्यात जमा होतो, याचे कुतूहल मला फार दिवसांचे. भाच्याकडून वेळोवेळी ऐकलेले आणि स्वतः वाचलेले असे थोडेफार वाचकांसमोर ठेवतो. हल्ली घराघरांतून कोणी ना कोणी परदेशात आहे. हा हिशेब त्यांच्याही उपयोगी पडेल.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. १९७८ मध्ये तिथे कायदा झाला आणि विमानांचे भाडे व मार्ग ठरवण्याचे सरकारी नियंत्रण उठत गेले. कंपन्यांत भाडे कमी करण्याची चढाओढ लागली. जिथे स्वस्त, तिथे गिऱ्हाईक जाणार. मग आपल्याच कंपनीकडे त्याने पुन्हा यावे कसे? अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी उत्तर काढले. जितके मैल उडाल तितके तुमच्या नावावर जमा करू, पुरेसे साठले की एक तिकीट फुकट. आरक्षणासाठी कंपनीकडे संगणक होताच. वरचेवर कोण प्रवास करतो हे त्यातून शोधता येत होते. युनायटेडने त्याच महिन्यात तशीच योजना आणली आणि पाहता पाहता जगभरच्या कंपन्यांनी ती उचलली.

पुढे या खात्याचे दोन भाग पडले. एक भाग खर्चायच्या मैलांचा. ते साठवायचे आणि त्यावर तिकीट काढायचे. दुसरा भाग दर्जाचा. वर्षभरात किती उडालात, ते मोजून तुम्हाला चांदीच्या, सोन्याच्या नाहीतर प्लॅटिनमच्या पायरीवर बसवायचे. या पायरीला आणखी पायऱ्या फुटल्या. आधी आत जाणे, मोकळी जागा असेल तर पुढच्या वर्गात बढती, विमानतळावरचे लाउंज, जास्तीची बॅग, तक्रारीसाठी वेगळा फोन. मैल तुम्ही खर्चू शकता. दर्जा खर्चता येत नाही, तो फक्त मिरवता येतो आणि ठरावीक मुदतीनंतर उतरतो. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत पूर्वी पहिली पायरी वर्षाला २५ हजार मैलांची असे. वरच्या पायऱ्या ५० हजार, ७५ हजार, लाख अशा चढत जात.

माणूस म्हटला की युक्ती आलीच. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स नावाच्या अभियंत्याच्या लक्षात आले, की एका खाद्यपदार्थ कंपनीच्या वेष्टनांवर विमानाचे मैल मिळतात आणि त्यातले सर्वांत स्वस्त वेष्टन पुडिंगच्या छोट्या कपाचे आहे. त्याने सुमारे ३,१४० डॉलरला १२,१५० कप विकत घेतले. एवढी वेष्टने फाडणार कोण? त्याने ते पुडिंग एका धर्मादाय संस्थेला दिले आणि त्यांच्या स्वयंसेवकांनी वेष्टने काढून दिली. त्याच्या खात्यात साडेबारा लाख मैल जमा झाले.

दर्जा मिळवणाऱ्यांची युक्ती मात्र निराळी. त्यांना उडावेच लागते. वर्ष संपत आले आणि दहा हजार मैल कमी पडत आहेत, तर ते लांबचे आणि स्वस्त तिकीट शोधतात. सरळ विमान असले तरी दोन-तीन टप्प्यांचे घेतात, कारण वळसा जितका मोठा तितके मैल जास्त. कुठेतरी जायचे आणि तसेच परतायचे. याला तिकडे ‘माइलेज रन’ म्हणतात. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! हौशी लोक त्यातल्या त्यात शेवटचा मुक्काम समुद्रकिनारी ठेवतात. म्हणजे निदान घरी सांगायला सहल होते. लंडनचे लोकही ब्रिटिश एअरवेजचे पॉइंट जमवण्यासाठी वाटेत विमाने बदलत थेट हवाई बेटांपर्यंत जाऊन येत असत.

या खेळात नियम करणारा एकच आणि नियम बदलणाराही तोच. कंपन्यांच्या लक्षात आले, की स्वस्त तिकिटावर हजारो मैल उडणारा माणूस आपल्याला फारसे काही देत नाही. २०१४ पासून डेल्टा आणि युनायटेडने मैलांबरोबर खर्चाचीही अट घातली. डेल्टाने २०२४ पासून दर्जासाठी मैल मोजणेच सोडले. आता फक्त डॉलर मोजतात. ब्रिटिश एअरवेजनेही १ एप्रिल २०२५ पासून पौंड मोजायला सुरुवात केली. आपली एअर इंडियाही २०२४ मध्ये अंतराऐवजी खर्चावर आली; तिच्या ‘फ्लाइंग रिटर्न्स’ योजनेचे नाव आता ‘महाराजा क्लब’ आहे. अंगठ्याएवढ्या मिशांचा तो महाराजा १९४६ मध्ये बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि चित्रकार उमेश राव यांच्या हातून उतरला. येईल त्या प्रवाशापुढे तो कमरेत वाकत असे. आता कोणापुढे किती वाकायचे, हे प्रवाशाच्या खर्चावर ठरते.

बँकवाल्याला यात आणखी एक गंमत दिसते. या मैलांची मोठी गिऱ्हाइके म्हणजे बँका. त्या विमान कंपनीकडून मैल विकत घेतात आणि क्रेडिट कार्ड वापरणाऱ्यांना वाटतात. २०२० मध्ये करोनाने विमाने जमिनीवर बसवली, तेव्हा युनायटेडने आपली मैलांची योजना तारण ठेवून कर्ज उभे केले. त्या योजनेची किंमत सुमारे २२ अब्ज डॉलर धरली गेली होती. शेअर बाजारात तेव्हा अख्ख्या कंपनीची किंमत त्याहून कमी होती! विमाने, इंजिने, कर्मचारी या सगळ्यांपेक्षा लोकांच्या मनातली ही खतावणी महाग.

आणि कंपनीच बुडाली तर? आपल्याकडे २०१२ च्या ऑक्टोबरात किंगफिशरची विमाने थांबली. ज्यांच्या खात्यात मैल होते, त्यांना ते वापरायला विमानच उरले नाही. मुदत ठेवीची पावती घेऊन यावे आणि बँकेच्या दाराला कुलूप असावे, तसे.

वहिनींचा सवाल माझ्या मनात घोळत होता. मान जातो कसा? आम्ही बसलो होतो तो मुलूख गुंजण मावळचा. इथल्या देशमुखीसाठी, पाटीलकीसाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली. वतन म्हणजे उत्पन्न आणि त्याबरोबर मान. तो वंशपरंपरेने चालायचा, कर्तृत्व असो वा नसो. समोरच्या गडावरून शिवाजीमहाराजांनी पंचवीसेक वर्षे कारभार केला. नवी वतने तोडून देण्यापेक्षा रोख वेतन द्यावे, हे त्यांचे धोरण प्रसिद्धच आहे. चाकरी करील त्याला मोबदला. बापाने केली होती म्हणून मुलाला नव्हे. त्या न्यायाने विमान कंपनीचा मान एका परीने बराच म्हणायचा, बापाच्या बिल्ल्यावर मुलाला आत सोडत नाहीत. पण वतनदार निदान कोणाच्या तरी उपयोगी पडत असे. इथे चाकरी ती कसली? रिकामे उडून यायचे, धूर सोडायचा आणि परत यायचे. २०१९ मध्ये ब्रिटनच्या हवामान बदल समितीसाठी झालेल्या एका अभ्यासात या मैलांच्या योजनांवर बंदी घालावी असे सुचवले गेले, ते उगाच नव्हे.

तेवीस तास आणि एक किनारा

आता अक्का का हसली नाही, ते सांगतो.

२०१२ साली भाचा न्यू जर्सीत नोकरीला होता. कामानिमित्त अमेरिकाभर फिरत असे. डिसेंबर उजाडला तेव्हा त्याच्या खात्यात पासष्ट हजारांच्या वर मैल होते आणि पंचाहत्तर हजारांची पायरी दहा हजारांहून थोडी कमी अंतरावर होती. रजा दोनच दिवसांची उरलेली. त्याने शुक्रवार आणि सोमवार घेतला. शुक्रवारी पहाटे नेवार्कहून लॉस एंजेलिस, तिथून होनोलुलु. शनिवारी रात्री होनोलुलुहून ह्यूस्टन, तिथून रविवारी नेवार्क. चार टप्पे, दहा हजार मैलांहून थोडे अधिक, विमानातले तास सुमारे तेवीस. मध्ये वायकिकीच्या किनाऱ्यावर एक रात्र आणि एक दिवस. सोमवार झोपण्यात गेला. तिकीट साडेसहाशे डॉलरच्या आत बसले, याचा त्याला केवढा आनंद झाला होता! पायरी मिळाली आणि महिन्याभरात टपालाने हा सोनेरी बिल्ला आला.

त्याने वायकिकीचा एक फोटो फेसबुकवर टाकला. मागे निळे पाणी, हातात शहाळे. तो आमच्या नात्यातल्या एका मुलीने पाहिला आणि कौतुकाने अक्काला दाखवला. आदल्या महिन्यातच भाच्याने फोनवर सांगितले होते, की यंदा रजा नाही, येता येणार नाही. ते खोटेही नव्हते. अक्काने त्या रविवारच्या फोनवर एवढेच विचारले, “समुद्र चांगला होता का रे?” पलीकडे तो गोंधळला आणि मग मैलांचे काहीतरी सांगू लागला. दाजींनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, फोन हातात घेऊन विषय बदलला.

पुढच्या जुलैत दाजींना हृदयविकाराचा मोठा झटका आला. भाचा त्याच रात्री निघाला. न्यूयॉर्कवर वादळ होते, त्याचे विमान रद्द झाले. काउंटरपुढे शेकडो माणसांची रांग. त्याने बिल्ल्याच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन लावला. एका बाईने वीस मिनिटांत त्याला दुसऱ्या कंपनीच्या विमानात, युरोपमार्गे, उरलेल्या मोजक्या जागांपैकी एक काढून दिली. तो पुण्याला पोचला तेव्हा दाजी शुद्धीवर होते. त्यांनी त्याला ओळखले, हात धरून ठेवला. तीन दिवसांनी ते गेले.

म्हणूनच त्या बिल्ल्याला नुसते हसून सोडणे मला जमत नाही. ज्याने पोराला एकदा घरापासून दूर नेले, त्यानेच त्याला एकदा वेळेवर घरी आणले. परदेशी मुले असलेल्या आईबापांना हे समजेल. रात्री फोन वाजला की आपल्या मुलाला जागा मिळेल का, हा प्रश्न आपल्या उशाशी असतो. मैल साठवण्याचे वेड म्हणून ज्याला आपण नाक मुरडतो, त्यात अर्धी हौस असेल, पण अर्धी भीतीही असते. जवळच्या माणसाकडे पोचता येणार नाही, ही भीती.

शनिवार-रविवार

साडेचारच्या सुमारास बाप-लेक उतरून आले. मुलीचे बूट लाल मातीने भरलेले आणि चेहऱ्यावर विजय. सुवेळा माचीचे नेढे पाहिले, बालेकिल्ल्याच्या कातळाला भिऊन एकदा बसली आणि मग चढली, पद्मावती तळ्याशी डबा खाल्ला, असे सगळे ती आजीला एका दमात सांगत होती. त्याच वर्षी जुलैत युनेस्कोने राजगडाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा तिने तिकडून फोन करून “मी आधीच जाऊन आलेय” असे बजावले.

वहिनींनी पिठले, भाकरी, ठेचा आणि इंद्रायणी तांदळाचा भात वाढला. भाच्याने पिशवी परत खांबाला टेकवली. बिल्ला पुन्हा समोर आला. अक्काने भाकरीचा तुकडा मोडता मोडता अगदी साध्या आवाजात विचारले,

“न्यूयॉर्कहून मुंबईला किती मैल रे?”

“सात हजार आठशेच्या आसपास. का गं?”

“म्हणजे जाऊन-येऊन पंधरा हजार. तुला तेव्हा दहाच हजार कमी पडत होते ना? मग इकडेच का नाही आलास?”

भाच्याचा हात ताटातच थांबला. बारा वर्षांपूर्वीचे ती बोलते आहे, हे कळायला त्याला क्षणभर लागला.

“आई, रजा कुठे होती? सगळे मिळून चार दिवस.”

“मी मोजलंय. गुरुवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर निघाला असतास, तर शुक्रवारी रात्री मुंबई. शनिवारी पहाटे दारात. रविवारी रात्री परत मुंबईहून विमान, सोमवारी सकाळी तू तिकडे. शनिवार-रविवार घरी झाला असता.”

“तिकीट दुपटीहून जास्त होतं,” तो म्हणाला. मग स्वतःलाच ते पटले नसावे. “खरं सांगू? तेव्हा वाटायचं, दोन दिवसांसाठी एवढ्या लांब कोण जातं.”

हे बोलला आणि त्याचे त्यालाच ऐकू गेले. एका दिवसासाठी तो हवाईला गेला होता.

कोणी काही बोलेना. शेवटच्या भेटीपूर्वी बाप-लेक धडधाकटपणे भेटले होते, ते २०११ च्या डिसेंबरात. मध्ये एक शनिवार-रविवार मिळू शकत होता, तो असा हिशेबातून निसटला. अक्काने तो बारा वर्षे मनात धरून ठेवला होता आणि विमानाच्या वेळा कोणाकोणाला विचारून मोजला होता.

“रागावून नाही विचारलं,” ती म्हणाली. “जुलैत त्याच बिल्ल्यामुळे पोचलास, हे मला माहितीये. पण तुमची ती कंपनी नुसते मैल मोजते. कुणाकडे निघालाय, ते तिला काय ठाऊक? ते आपलं आपण बघायचं.”

मला वाटते, या साऱ्या योजनांबद्दल जे म्हणायचे ते यात आले. खात्यात होनोलुलुचा मैल आणि पुण्याचा मैल सारखाच पडतो. आता तर मैलही गेले, नुसते डॉलर मोजतात. मोजणाऱ्याने काय मोजायचे ते तो ठरवील. आपली खतावणी आपल्याला वेगळी ठेवावी लागते आणि तिच्यात एखादा शनिवार-रविवार दहा हजार मैलांहून मोठा असू शकतो. वाचकांपैकी ज्यांची मुले लांब आहेत, त्यांनी आपल्या मुलांना ‘रजा किती उरली’ एवढेच न विचारता ‘दोन दिवसांसाठी आलास तरी चालेल’ असे एकदा सांगून ठेवावे. आम्ही ते सांगितले नव्हते. अक्काही हे नंतर गाडीत कबूल करत होती, “मी तरी तेव्हा कुठे म्हटलं होतं, की दोन दिवसांसाठी ये?”

निघताना वहिनींनी नाचणीच्या पिठाची मोठी पिशवी पुढे केली. घरच्या नाचणीचे, जात्यावर नव्हे पण गावच्या गिरणीत दळलेले. अक्काने पाच किलो मागितले. भाचा घाबरला.

“आई, एवढं नाही नेता येणार. दोन्ही बॅगा भरल्यात. तिसरीला पैसे पडतात.”

“त्या बिल्ल्यावर एक बॅग जास्त नेता यायची ना?”

“यायची. आता दर्जा नाही ना.”

अक्काने पिशवीकडे पाहिले, बिल्ल्याकडे पाहिले आणि हताशपणे म्हणाली, “मग तो तरी कशाला घालवलास मेल्या!”